पाचव्या फेऱ्यातलं नाव

नळदुर्ग,
राखेच्या बुधवारानंतरचा पहिला बाजार,
फेब्रुवारी १९४८

येशू, मरिया, जोसेफ तुझ्या उंबऱ्यात राहोत.

माझ्या लाडक्या रोजाला तुझी आजी कडूबाई हिचा आशीर्वाद. फादरांच्या वहीत माझं नाव मार्था हाय, पण वहीबाहेर मला कुणी तसं हाक मारत न्हाय. जावईबापू अंतोन यांना बी आशीर्वाद.

तुझा कागद पोचला. बिरदेव धनगर मेंढरं घेऊन सोलापूरकडनं आला, दारात बसून पागोटं सोडलं, आतून कागद काढला अन् हात पुढं करून बसला. गूळ दिल्याशिवाय उठत न्हाय मेला. कागदाला मेंढराचा वास. मला पहिला संशय आला की ह्यानं वाचला असंल. मग ध्यानात आलं, त्याला वाचता येत न्हाय. मग दुसरा संशय आला की कुणाकडून वाचून घेतला असंल. डिंक बघितला तर जागच्या जागी. तरी पण पुढच्या वेळी डिंक जास्त लाव. दिवस वाईट आलेत. नाक्यावर निजामाचे शिपाई वाढलेत, रझाकार गाडीतनं हिंडतात, कोण कुणाला काय सांगंल नेम न्हाय.

तू लिहितेस, "आजी, माझ्या एका खास हेतूसाठी माळ म्हणा. हेतू काय ते लिहिता येत नाही." अगं पोरी! मला कळलं गं! म्या चुलीपुढं एकटीच हसत बसले, तव्यावरची भाकर करपली. तुझा बाप पावलू पोटात होता तवा म्या बी कुणाला सांगितलं न्हवतं. आंबट खावं वाटतंय का? जड घागर उचलू नको. दवाखान्यातल्या बायांना सांग की मी आया असले तरी माणूस हाय.

पण हेतूसाठी जागा काढायची म्हणजे अडचण हाय बघ. आपल्या माळेचे फेरे पाच. पहिला पोपमहाराजांचा अन् फादरांचा. दुसरा तुझा अन् जावईबापूंचा. तिसरा आजाऱ्यांचा. चौथा वाटेवरच्या माणसांचा. पाचवा मेलेल्यांचा, तिथं तुझा आजा, तुझा बाप, तुझी आई. चौथ्या फेऱ्याला तर आता रांग लागते. ज्याचा माणूस ह्या सोलापूर-हैदराबाद सडकेवर गेला तो येऊन म्हणतो, "कडूबाई, आमच्या माणसाचं नाव घे गं." हिंदू न्हाय बघत, मुसलमान न्हाय बघत. दिवेलागणीला म्या दार उघडं टाकून मोठ्यानं माळ म्हणते, सारी गल्ली कान लावून असते. गिरिजाअक्का तर कुंपणापलीकडं त्यांच्या गोठ्यात धार काढताना ऐकतात. लिंगायताच्या घरची बाई, आमच्या उंबऱ्यात काय यायची न्हाय, पण तिसरा फेरा सुरू झाला की तांब्यातला धारेचा आवाज बंद होतो. मला संशय हाय, त्यांना आमची सगळी माळ पाठ झाली.

अन् बब्रुवानाची गोष्ट तुला सांगायची राहिली! तो बैल विकायला गेलेला, दोन वर्सं पत्ता न्हवता. त्याची बायको धुरपदाबाई रडत आली, "कडूबाई, आता त्याला पाचव्यात घाल, तेवढीच शांती मिळंल." म्या म्हणले, "न्हाय. खात्री झाल्याबिगर कडूबाई कुणाला पाचव्यात घालत न्हाय." चौथ्यातच ठेवला. औंदाच्या संक्रांतीला हजर! नवीन धोतर, अन् संगं एक बकरी. तवापासून गल्लीत माझा लई मान वाढला. ज्याला मी चौथ्यात ठेवलं तो जिता, पाचव्यात घातलं तो गेला, असं लोक धरून चालतात.

तुझा हेतू म्या दुसऱ्यातच घालते. दोघं तिघं व्हायला कितीसा येळ.

तुझी आजी

--

सोलापूर
ता. ९ मार्च १९४८

पूज्य आजींना रोजाचा साष्टांग नमस्कार.

आजी, तुमचा अंदाज चुकला. जड घागर मी रोज उचलते. हेतू म्हणजे एक माणूस आहे.

आता लगेच भुवया वर करू नका. अंतोनला सगळं माहीत आहे. महिन्याभरापूर्वी आमच्या दवाखान्यात एका रात्री सरहद्दीवरच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीतली माणसं एका तरुणाला घेऊन आली. मांडीत गोळी. कागदावर नाव वेगळंच. मी पाणी पाजायला गेले तर तो म्हणाला, "रोजा, तुझी आजी अजून गाते का गं? इतकी बेसूर?" मी दचकले. ज्या गोठ्यात तुमची माळ ऐकू जाते, त्याच घरचा तो. आता कळलं असेल.

पाय वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण ताप हटत नाही. त्याचं म्हणणं, आईच्या कानात एवढंच सांगा की मी जिवंत आहे. नाक्यावरचा जमादार त्याच्या मागावर आहे, टेलिफोनची तार तोडली त्यावरून. तेव्हा कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. आणि त्याला आजाऱ्यांच्या फेऱ्यात घ्या.

तुमची,
रोजा

--

नळदुर्ग,
पुनरुत्थानाच्या सणानंतरचा आठवडा,
एप्रिल १९४८

येशू, मरिया, जोसेफ सगळ्यांवर नजर ठेवोत. इथं बाकी सगळे ठेवतातच.

माझ्या रोजाबाळा,

मी बेसूर? त्याला म्हणावं, लहानपणी कुंपणाला लोंबकळून ऐकायला येत होतास तवा सूर बरा वाटत होता काय? चिंचा पाडून पळणारं पोर, आता गोळी खाऊन मला नावं ठेवतंय. जिता हाय! मला इतका आनंद झाला, म्या बिरदेवाला गुळासंगं शेंगा बी दिल्या. तो माझ्याकडं संशयानं बघायला लागला.

आता ऐक, लई झालंय.

गिरिजाअक्कांना सांगावं म्हणून कुंपणापाशी गेले. त्या शेणाच्या पाट्या उचलत होत्या. तोंड उघडलं अन् बंद केलं. रोजा, त्या बाईच्या तोंडावर सगळं दिसतं. मागं नवऱ्याला चोरून पाटल्या केल्या, तर गुरुलिंगअप्पा घरात आले अन् बायकोचं तोंड बघून म्हणले, "किती तोळ्याच्या?" तसली बाई ती. तिला सांगायचं म्हणजे नाक्यावर दवंडी द्यायची. अन् दस्तगीर जमादार तर रोज संध्याकाळी गोठ्यासमोरच्या कट्ट्यावर बसलेला. मिशीला पीळ देतो अन् आईचं तोंड बघतो. पोराची खबर आईच्या तोंडावर उमटंल, हे त्याला ठाऊक हाय. मागच्या महिन्यात त्यानं गुरुलिंगअप्पांना दोन दिवस नाक्यावर बसवलं. घरी आले तवा ओठ फुटलेला. पडलो म्हणले. कोण पडून वरचा ओठ फोडून घेतं?

मग म्या सांगितलंच न्हाय. तिसऱ्या फेऱ्यात म्हणले, "अन् एका आजारी लेकरासाठी, ज्याचं नाव देवाला ठाऊक." बस. इथंच चुकले. मी कधी बिननावाची प्रार्थना करत न्हाय, हे गल्लीला ठाऊक, म्हणजे जमादाराला बी ठाऊक. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर.

"कडूबाई, तिसऱ्या फेऱ्यात कौन है वो?"

म्या म्हणले, "हाय एक."

"तुम्हारी पोती सोलापुरात दवाखान्यात हाय ना?"

"हाय की. लई हुशार पोर. तिला आता दिवस..." म्या थाप मारून बघितली.

"मी पोतीचं पुसत न्हाय. नाव घेत न्हायस म्हणजे जिता हाय, अन् लपलाय. बराबर?"

हसून बोलत होता, पण डोळं हसत न्हवतं. अन् बोलताना सारखा गोठ्याकडं बघत होता. अक्का तिथं वासराला सोडत होत्या. जाताना म्हणला, "उद्या इचारतो. तुला न्हाय, म्हाताऱ्याला. परत."

रोजा, त्या रातीला डोळ्याला डोळा न्हाय. गुरुलिंगअप्पा साठीचे. दुसऱ्यांदा नेलं तर माघारी येतील का? अन् मारून मारून काय काढणार, त्यांना तर काहीच ठाऊक न्हाय. मार खाणाऱ्याकडं सांगायला बी काही नसलं तर मार थांबतो कशानं?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दार उघडं टाकलं. जमादार कट्ट्यावर. चार फेरे झाले. बिननावाचं लेकरू म्या गाळलं. पाचवा आला. तुझ्या आज्याचं नाव घेतलं, तुझ्या बापाचं, आईचं, अन् मग मोठ्यानं म्हणले, "अन् शिवप्पा गुरुलिंग ह्याच्यासाठी. हे प्रभो, त्याला चिरशांती दे."

गोठ्यात धारेचं भांडं पडलं. दूध सांडलेलं मला हितपर्यंत ऐकू आलं.

पुढचं लिहवत न्हाय. त्याला ताप किती ते कळव.

तुझी आजी

--

सोलापूर
ता. ३ मे १९४८

पूज्य आजींना नमस्कार.

आजी, हे तुम्ही काय केलं? तो जिवंत आहे, काल अंतोनच्या डब्यातली भाकरी खाल्ली, ठेचा मागितला. आणि तिकडे तुम्ही रोज त्याच्यासाठी चिरशांती मागता? मी त्याला सांगितलं तेव्हा आधी हसला. मग म्हणाला, "अव्वा ऐकत होती का?" मी म्हटलं, हो, तुझी आई गोठ्यातच होती. त्यानंतर जेवला नाही.

प्रार्थनेत खोटं बोलणं म्हणजे कुणाशी खोटं बोलणं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही ते जमादाराशी बोलला असतात तर गोष्ट वेगळी होती. आणि त्या बाईचं काय? तिला निदान आता तरी सांगा. तो हात जोडून सांगतो आहे.

दुसरं एक. तुमचा पहिला अंदाज तेव्हा चुकला होता, पण तसा फारसा चुकला नव्हता. दिवाळीच्या सुमाराला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आता हसा.

तुमची,
रोजा

--

नळदुर्ग,
येशूच्या पवित्र हृदयाचा महिना,
जून १९४८

येशू, मरिया, जोसेफ अन् तुझ्या पोटातलं लेकरू, सगळे सुखी राहोत.

हसले गं हसले! घरभर हसले. कोंबडी घाबरून आड्यावर जाऊन बसली. म्या त्याच दिवशी कपाटातनं तुझ्या बापाचं बाप्तिस्म्याचं अंगडं काढलं. वाळवीनं एक बाही खाल्ली, दुसरी शाबूत हाय. शिवते. आता तरी घागर ठेव खाली.

तुझं रागावणं बरोबर हाय. फादर येत न्हाईत, सरहद्द बंद, म्हणून पापनिवेदन पोटातच घेऊन बसले. पण म्या देवाला रोज आधीच सांगून ठेवते, "हे बघ, पाचव्यात मी काय म्हणते तिकडं कान देऊ नको. तिसऱ्यात मी मनात काय म्हणते तिकडं दे." देव जमादारापेक्षा शाणा असंल की न्हाय?

अन् जमादाराचं ऐक. दुसऱ्याच दिवशी तो गिरिजाअक्कांच्या दारात गेला. मला वाटलं, झालं. न्हाय. टोपी काढून हातात धरली. म्हणला, "माँजी, मला बी दोन लेकरं हाईत." एवढंच म्हणून वळला. तवापासून कट्ट्यावर बसत न्हाय. गुरुलिंगअप्पांना परत नेलं न्हाय. मला संशय, ही चाल असंल. दोन आठवडे मी बघत होते. चाल न्हवती. त्यानं खरं मानलं.

पण अक्का. रोजा, अक्कांनी आता धार काढायची बंद केली. गाय गुरुलिंगअप्पा बघतात. पाचवा फेरा सुरू झाला की त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहतात. मी म्हणते, "त्याला चिरशांती दे." अन् कुंपणापलीकडनं पुटपुटल्यासारखं येतं, "अन् अखंड उजेड त्याच्यावर पडू दे." आमच्या तोंडचं उत्तर! त्यांना कुणी शिकवलं न्हाय. धार काढता काढता शिकल्या. त्यांचा देव गळ्यातल्या लिंगात, अन् उत्तर माझ्या माळेचं, कारण लेकाचं नाव दुसरीकडं कुठं मोठ्यानं घेतच न्हाईत. घरात घेतलं तर म्हातारा रडतो.

मला सांगावं वाटतं गं. तोंडापर्यंत येतं. काल कुंपणातनं हात घालून त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला न्हाय, आजवर शिवाशिव किती पाळली ह्या बाईनं! तवा तर सांगायलाच आले होते. पण त्यांचं तोंड बघितलं अन् मनात आलं, हे तोंड उद्या सकाळी असं राहणार न्हाय. त्या हसतील. बाजारात जाऊन पोरासाठी धोतर घेतील. अन् दस्तगीर पुन्हा कट्ट्यावर येऊन बसंल, ह्या वेळी टोपी न काढता.

शिवप्पाला सांग, तुझी आई तुझ्यामुळं रडते, माझ्यामुळं न्हाय. न्हाय, असं सांगू नको. सांग, मला खुशाल शिव्या दे, आजीची ना न्हाय.

तुझी आजी

--

नळदुर्ग,
जपमाळेच्या मरियेचा सण,
ऑक्टोबर १९४८

येशू, मरिया, जोसेफ यांचे उपकार, आपण सगळे जिते हाओत.

माझ्या रोजाबाळा,

मधले महिने बिरदेव सुद्धा आला न्हाय, मेंढरं बी सरहद्दीला घाबरली. मग क्रुसाच्या सणाच्या आदल्या दिवशी सोलापूरकडनं लष्कर आलं. किल्ल्याकडनं आवाज, धूळ, रणगाडे. म्या माळ घेऊन घागरींमागं बसले. पाचही फेरे एकाच दमात म्हणले, कुणाचं नाव कुठल्या फेऱ्यात गेलं देव जाणे. संध्याकाळी निजामाचा नाका ओस. दस्तगीर जमादार गायब.

अन् मग तुझा आजारी आला! बैलगाडीतनं, काठी टेकत. तुला ठाऊकच हाय, तूच गाडीत बसवलास. रडारड, ओवाळणं, सारी गल्ली तिथं. म्या बी लुगडं बदलून निघाले. कुंपणापाशी अक्का समोर आल्या. मला वाटलं, मिठी मारतील. त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

"माझ्या जित्या लेकराला मातीत घातलंस! रोज! सहा महिने! अन् मला तुझ्यामागं म्हणायला लावलंस!"

म्या म्हणले, "अक्का, जमादार बसला होता..."

"मला सांगायचं होतंस!"

"तुमच्या तोंडावर दिसलं असतं, अक्का."

"तुझ्या तोंडाचा ह्यापुढं मला काय भरोसा न्हाय," म्हणल्या अन् गेल्या. तवापासून कुंपणावरनं रोज मिळायचं ते ताक बंद. माळेच्या वेळी गोठ्याचं दार आतून लावतात. अन् गल्लीत बी तेच. धुरपदाबाई मला तोंडावर म्हणाली, "कडूबाई, तुमचा पाचवा फेरा आता कोण खरा धरणार?" मान गेला तो गेला.

आता खरं काम लिहिते. दस्तगीराची बायको हलिमाबी परवा माझ्याकडं आली. पदरानं तोंड झाकून, दोन लेकरं संगं. बलभीम पैलवान अन् त्याचे गडी रोज तिच्या दारात कोयते घेऊन येतात, "तुझा नवरा कुठाय?" आजूबाजूच्या गावांतनं काय काय ऐकू येतंय, ते तुझ्या पोटच्या लेकराला ऐकवायचं न्हाय. शिवप्पा म्हणतो, जमादारावर खटला चालवा, हात लावू नका. पण त्याचं बी कोण ऐकत न्हाय.

हलिमाबी म्हणाली, "कडूमाय, तुझा देव तुझा, माझा माझा. पण गल्ली तुझं ऐकते. त्याला पाचव्यात घाल."

मला पहिला संशय आला की हिला बलभीमानंच पाठवली, माझी परीक्षा घ्यायला. म्या इचारलं, "जिता हाय?" तिनं लेकरांना बाहेर पाठवलं अन् मान हलवली. कुठं हाय ते बी सांगितलं.

मी हो म्हणले न्हाय, न्हाय बी म्हणले न्हाय. माळ घेऊन बसले तर त्याचं नाव तोंडात येईना. गुरुलिंगअप्पांचा फुटका ओठ दिसतो. मग ती हातातली टोपी दिसते. कुणासाठी मागायचं, हे आजवर मी ठरवत आले अन् मला कधी जड गेलं न्हवतं. ह्या वेळी जातंय. तू काय म्हणतेस?

तुझी आजी

--

सोलापूर
ता. २६ ऑक्टोबर १९४८

पूज्य आजींना नमस्कार.

मुलगी झाली. मंगळवारी पहाटे. दोघी ठीक. नाक तुमच्यासारखं आहे, अंतोन म्हणतो आणखी काही तुमच्यासारखं निघालं नाही म्हणजे मिळवलं.

आजी, जमादाराचं नाव घेऊ नका. शिवप्पाच्या मांडीतली ती जखम दोन महिने मी धुतली आहे. गुरुलिंगकाकांना त्याने कसं ठेवलं ते तुम्हीच लिहिलंत. शत्रूसाठी प्रार्थना करा असं प्रभू म्हणाला, ठीक. मनात करा. पण मोठ्याने, खोट्या फेऱ्यात, पुन्हा एकदा? आणि त्याचा उपयोग तरी काय? एकदा फसलेले लोक आता तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. उलट त्यांना कळेल की तो जिवंत आहे, आणि तुम्हाला तो कुठे आहे ते माहीत आहे. मग ते तुमच्या दारात येतील. मला भीती वाटते.

तुमची,
रोजा

--

नळदुर्ग,
मृतांच्या सणाचा दुसरा दिवस,
नोव्हेंबर १९४८

येशू, मरिया, जोसेफ अन् माझी पणती!

मुलगी! नाक माझं! म्या बिरदेवाला सगळा गूळ देऊन टाकला, ढेपच दिली. तो म्हणला, "आजी, एवढ्या गुळात मी दिल्लीला बी कागद पोचवतो." बाही शिवून झालीय. बाप्तिस्म्याला मी येणार, गाडी मिळो न मिळो. नाव काय ठेवता? कडू ठेवू नका, एवढंच सांगते. माझ्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून माझ्या आईनं नजर लागू नये म्हणून ठेवलं होतं.

तुझा कागद म्या तीनदा वाचला. तुझं सगळं खरं हाय. लोक धरणार न्हाईत, उलट माझ्यावरच येतील. मग मी ठरवलं की न्हाय घ्यायचं. अन् काल मृतांचा सण. दिवेलागणीला दारात मेणबत्त्या लावल्या, एक तुझ्या आज्याची, एक पावलूची, एक तुझ्या आईची. बलभीम अन् चार गडी कोयते घेऊन कट्ट्यावरच बसलेले. दस्तगीर बसायचा त्याच जागी. हलिमाबीच्या घराकडनं नुकतेच आलेले. एक म्हणत होता, "आज बाई बोलली न्हाय, उद्या लेकरांना इचारू." हसत होते.

लेकरांना इचारू म्हणले, रोजा. तवा ठरलं. माझं मी ठरवलं न्हाय, त्या गड्यानंच ठरवून दिलं.

चार फेरे झाले. पाचवा धरला. आपल्या मेलेल्यांची नावं घेतली, अन् मग म्हणले, "अन् दस्तगीर जमादार, हलिमाबीचा नवरा, ह्याच्यासाठी. हे प्रभो, त्याला चिरशांती दे."

मग बलभीम खदाखदा हसला. "म्हातारे! शिवप्पा बी पाचव्यातच होता की गं! म्हणजे हा बी जिता हाय. सांग, कुठाय?" अन् उठला. चौघं बी उठले. माझ्या माळेचे मणी चुकले.

तेवढ्यात गोठ्याचं दार उघडलं.

गिरिजाअक्का बाहेर आल्या. हातात धारेचं भांडं. कुंपणापाशी थांबल्या न्हाईत. कुंपणात जिथं कुत्री शिरतात तिथनं वाकून आल्या, काटा लागून पदर फाटला. माझ्या दारात आल्या. उंबऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तोंडात मारतात. त्या उंबऱ्यात बसल्या. माझ्या उंबऱ्यात. भांडं बाजूला ठेवलं, अन् गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणल्या,

"अन् अखंड उजेड त्याच्यावर पडू दे."

बलभीम म्हणला, "अक्का? तुमी? त्यानं अप्पांना..."

"ठाऊक हाय मला त्यानं काय केलं."

"अन् ही म्हातारी खोटी हाय, तुमालाच तर फसवलंय हिनं!"

अक्का त्याच्याकडं वळल्या. "व्हय. सहा महिने फसवलं. हिच्या तोंडच्या शब्दावर ह्या गल्लीत माझ्याइतकं कुणी रडलं न्हाय. मी परत फसंन असं वाटतं व्हय रं तुला?"

तो अक्कांच्या तोंडाकडं बघत राहिला, सगळे बघत राहिले. त्या तोंडावर काय बी न्हवतं, रोजा. पहिल्यांदा. नुसतं एक म्हातारं, दमलेलं तोंड. एकानं कोयता खांद्यावर टाकला. दुसरा म्हणला, "मेला असंल. नदीकडं कुणी तरी पडलेलं म्हणत होते." पाचही जण गेले. आज हलिमाबीच्या दारात कुणी आलं न्हाय, सकाळपासून बघत बसले.

फेरा पुरा केला. अक्का शेवटपर्यंत बसल्या, सगळी उत्तरं दिली, एक चुकलं न्हाय. मग उठल्या. म्या म्हणले, "अक्का, तो..."

त्यांनी हात वर केला.

"मला काय सांगू नको. माझ्या तोंडावर दिसतं म्हणं."

अन् कुंपणाकडं गेल्या. भांडं हितंच विसरून गेल्या. न्हाय, विसरल्या न्हाईत. त्यात ताक होतं.

आता पणतीला घाल दुसऱ्या फेऱ्यात तुमच्या दोघांसंगं, मी इकडं घालतेच. अक्कांना म्या चौथ्यात घेतलंय. कुंपणातनं माझ्या उंबऱ्यापर्यंत आल्या, म्हणजे वाटेवरचीच बाई.

तुझी आजी

ता. क. दस्तगीर कुठं हाय ते म्या तुला कुठल्याच कागदात लिहिलं न्हाय, हे तुझ्या ध्यानात आलं असंल. राग मानू नको. नाक माझं पणतीनं घेतलं, पण तुझं तोंड माझ्यावर गेलेलं न्हाय. अन् तू ह्या वेळी बी डिंक कमीच लावला होतास.